गाडीतून उतरायच्या आधी मॅपने काय सांगायला हवं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला जेवढा कळला तेवढा असा: तुम्ही कंट्रोल रूमसाठी एक डॅशबोर्ड बनवलाय, त्यात पूर, उष्णता, हवेची क्वालिटी, कारखाने, गोदामं, नाले असे चौदा लेयर, म्हणजे माहितीचे थर, आहेत, रंग सॉफ्टवेअरच्या स्मार्ट मॅपिंगने आपोआप दिलेत, दिसायला भारी आहे, पण फायर आणि ॲम्ब्युलन्सवाले तो उघडतच नाहीत. आणि तुम्ही विचारताय की आता त्यात एआयने काढलेला रिस्क स्कोअर टाकला तर वापरतील का.

नाही वापरणार. रागावू नका, मी हेच काम बारा वर्षं करतोय आणि पहिली तीन वर्षं मीही असाच मॅप बनवून बसलो होतो, फक्त माझे लेयर बावीस होते.

तुमचा मॅप सांगतो की कुठे काय आहे. गाडीत बसलेल्या माणसाला त्यातलं फारसं काही नको असतं. त्याला चार गोष्टी पाहिजेत: गाडी कुठे थांबवू, काय घालून उतरू, आत किती वेळ राहू आणि बाहेर आल्यावर अंग, कपडे, तब्येत याचं काय करू. ज्या लेयरमुळे या चारपैकी एकही उत्तर बदलत नाही तो लेयर तुमच्या ऑफिसच्या कामाचा असेल, गाडीत नको. मी हा नियम लावला तेव्हा माझ्या बावीसपैकी सात उरले. तुमचे किती उरतील ते तुमच्याकडे कसले कॉल जास्त येतात त्यावर आहे, केमिकलवाला पट्टा असेल तर वेगळे, नदीकाठ असेल तर वेगळे, जंगल असेल तर अजून वेगळे, त्यामुळे माझे सात जसेच्या तसे उचलू नका.

आता रंग. सगळ्यात जास्त घोटाळा तिथेच होतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. स्मार्ट मॅपिंग करतं काय, तर तुमच्या आकड्यांतला सगळ्यात लहान, सगळ्यात मोठा, सरासरी, आकडे कुठे गोळा झालेत हे बघतं आणि त्याप्रमाणे रंगाच्या पायऱ्या पाडून देतं. लोकसंख्येचा वगैरे मॅप असेल तर झकास. आपल्या कामात मात्र घात, कारण तिथे लाल म्हणजे "आत्ताच्या आकड्यांत सगळ्यात वरचा" एवढंच. सगळीकडे हवा चांगली असेल त्या दिवशीही कुठला तरी कोपरा लाल दिसणार, आणि सगळीकडे धूर भरलेला असेल त्या दिवशी त्यातल्या त्यात कमी धुराचा भाग मस्त हिरवागार दिसणार.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. एकदा कचऱ्याच्या डेपोला आग लागली होती, रात्रभर चालली. माझ्या मॅपवर एक हिरवा पट्टा दिसत होता म्हणून टीमने आराम करायची जागा तिथे लावली, मास्क काढून पाणी प्यायला बसले. दीडेक तासाने दोघांचं डोकं गरगरायला लागलं, एकाला उलटी झाली. मी त्या रंगामागचा आकडा उघडून बघितला तर तो हिरवा पट्टा आदल्या दिवशीच्या मॅपवर गडद लाल दिसला असता! सॉफ्टवेअरने त्याचं काम चोख केलं होतं, चूक माझी होती, पायऱ्या मी त्याच्यावर सोडल्या होत्या.

तेव्हापासून पायऱ्या हाताने लावतो आणि त्या रोज बदलत नाहीत. वायूंसाठी "जिवाला ताबडतोब धोका" अशी ठरवून दिलेली पातळी असते, अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षा संस्थेने दिलेली साधारण सगळीकडे धरतात: क्लोरीन १० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १० भाग), अमोनिया ३०० पीपीएम, कार्बन मोनॉक्साइड १२०० पीपीएम. त्याच्या खूप अलीकडेच आपली रेघ असली पाहिजे, कारण ती पातळी पळून जायची आहे, काम करायची नाही. आणि हवेचा जो रोजचा इंडेक्स फोनवर दिसतो तो मुख्यतः २४ तासांच्या सरासरीवर, सर्वसामान्य लोकांसाठी बनवलेला असतो, आगीच्या तोंडाशी वीस मिनिटं उभं राहणाऱ्याला त्याचा उपयोग जवळपास शून्य. मग मी रंगाच्या खाली आकडा लिहायचाच बंद केला, सरळ कृती लिहितो: "बीए सेट लावूनच" (पाठीवरच्या सिलिंडरमधून श्वास घ्यायचा संच), "एन-९५ चालेल, गॅस असेल तर नाही", "मास्क काढून बसायला चालेल". आणि नुसत्या रंगावर सोडू नका, सोबत आडव्यातिडव्या रेघा किंवा मोठा अंक द्या, लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे पुरुष वाटतात त्यापेक्षा बरेच असतात आणि ते टीममध्ये हे कधी सांगत नाहीत.

दुसरी गोष्ट वर्तुळं. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये प्रत्येक कारखान्याभोवती पाचशे मीटरचं गोल वर्तुळ दिसलं. गॅस गोल पसरत नाही हो. तो वाऱ्याबरोबर जातो, आणि जड असेल तर पाण्यासारखा उताराने जातो. क्लोरीन हवेच्या अडीचपट जड, तो तळघरात, नाल्यात, भुयारी रस्त्यात जाऊन बसतो. हायड्रोजन सल्फाइड थोडासाच जड, पण त्याची खोड अशी की जास्त प्रमाणात असेल तर नाक बधिर होतं, वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं गॅस गेला. अमोनिया खरं तर हवेपेक्षा हलका, तरी टाकीतून जोरात फुटला की थंड धुक्यासारखा जमिनीलगतच सरपटतो. म्हणजे वाऱ्याचा लेयर आणि जमिनीच्या उंचीचा लेयर एकत्र ठेवल्याशिवाय गाडी कुठे थांबवू याचं उत्तर निघतच नाही.

माझी पद्धत सांगतो. घटना घडल्यावर हिशोब करायला वेळ नसतो म्हणून मी तो आधीच करून ठेवतो. धोक्याची प्रत्येक जागा घ्यायची आणि वाऱ्याच्या आठ दिशा. प्रत्येक दिशेसाठी ठरवून ठेवायचं की वारा पाठीवर घेऊन आणि शक्यतो उंचाकडून येणारा रस्ता कोणता, पहिली गाडी कुठे थांबेल, मागून येणाऱ्या कुठे उभ्या राहतील. चाळीस जागा असतील तर तीनशेवीस ओळींचा तक्ता होतो, कंटाळवाणं काम आहे, दोन महिने जातात, पण कॉल आला की ड्युटीवरचा माणूस जागा आणि वारा निवडतो आणि एका ओळीत उत्तर मिळतं. संपूर्ण डॅशबोर्डमधली ही एकच गोष्ट लोक स्वतःहून मागायला लागले.

गॅस पसरण्याचं मॉडेल पाहिजे असेल तर अमेरिकेच्या नोआ (हवामान-समुद्र खातं) आणि ईपीए (पर्यावरण खातं) यांचं अलोहा नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, चांगलं आहे, पण त्याच्या मर्यादा पाठ करून ठेवा. वारा अगदी पडलेला असेल तर ते चालत नाही, डोंगर-दऱ्या धरत नाही, आगीच्या धुरात तयार होणारे नवीन पदार्थ धरत नाही, आणि अंदाज फार तर तासाभराचा आणि दहा किलोमीटरपर्यंतचा. केमिकल अपघाताच्या गाइडबुकात सुरक्षित अंतरं दिवसाची वेगळी आणि रात्रीची वेगळी दिलेली असतात हेही बघा, रात्री हवा स्थिर असते, गॅस विरळ होत नाही, त्यामुळे रात्रीचं अंतर मोठं. तुमचं वर्तुळ मात्र चोवीस तास पाचशे मीटरच!

आता ठिपका. मॅपवर "गोदाम" लिहिलेला ठिपका म्हणजे काय? एका कॉलला आमच्या मॅपवर कापडाचं गोदाम होतं, रेकॉर्डलाही तेच, टीम त्या तयारीने गेली. आतून फटाफट आवाज यायला लागले आणि पांढरा धूर जमिनीलगत बाहेर आला तेव्हा कळलं की भाडेकरू बदललाय आणि आत लिथियम बॅटऱ्यांची खोकी रचलीयत. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असू शकतं. सब ऑफिसरने आवाजावरून ओळखून सगळ्यांना मागे घेतलं म्हणून निभावलं. माझ्या मॅपने तर त्याला फसवलंच होतं.

अमेरिकेत टेक्सासमधल्या वेस्ट नावाच्या छोट्या गावात १७ एप्रिल २०१३ ला खताच्या डेपोला आग लागली. विझवायला गेलेली माणसं तिथे असताना, आगीची पहिली खूण दिसल्यापासून साधारण वीस मिनिटांत, आतल्या अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला. १५ जण गेले, त्यातले १२ मदतीला धावलेले होते. अशा वेळी ठिपक्यावर नुसतं "खत" लिहून भागत नाही, आत किती टन, कशाच्या शेजारी आणि लाकडी शेडमध्ये का काँक्रीटमध्ये, हे पाहिजे. कारण तिथे उत्तर "विझवू नका, लोकांना लांब न्या" असं असू शकतं.

बॅटरीच्या त्या प्रकरणानंतर मी प्रत्येक ठिपक्याला वय दिलं. कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन बघितल्याची तारीख सहा महिन्यांच्या आतली असेल तर ठिपका भरीव, वर्षभराची असेल तर फिका, त्याच्यापुढे नुसती रिकामी गोल रेघ आणि आत प्रश्नचिन्ह. हे करायला अर्धा दिवस लागला. फायदा असा झाला की साहेब लोकांनी मीटिंगमध्ये इतकी प्रश्नचिन्हं बघितली आणि तपासणीला दोन माणसं दिली, जी मी चार वर्षं मागत होतो.

याच्याच पुढचं म्हणजे मोकळी जागा. सेन्सर नाही तिथे तुमचा मॅप पांढरा दिसतो, आणि पांढरं म्हणजे साफ असंच वाटतं माणसाला. काही लोक उलट करतात, तीन सेन्सरच्या आकड्यांवरून सगळं शहर रंगवून टाकतात, मग मधल्या भागाचा रंग हा निव्वळ गणित असतो, तिथे कोणी काही मोजलेलंच नाही. मी सेन्सरपासून ठरावीक अंतराच्या पुढे सगळं राखाडी रेघांचं ठेवतो आणि त्यावर "मोजलेलं नाही" लिहितो. बाकी स्वस्तातले धुळीचे सेन्सर दमट हवेत जास्त आकडा दाखवतात, पावसाळी सकाळी धुकं असताना ते "धोका" ओरडतात, त्यांच्या शेजारी आर्द्रतेचा आकडा ठेवाच.

सॅटेलाइटचंही तसंच. नासाच्या फर्म्स या वेबसाइटवर आगीचे ठिपके दिसतात, व्हिअर्स या सॅटेलाइटवरच्या सेन्सरचा एक ठिपका ३७५ मीटरचा, मोडिस या दुसऱ्या सेन्सरचा एक किलोमीटरचा, म्हणजे आग त्या चौकोनात कुठेतरी आहे, ठिपक्याच्या मधोमध नाही. युरोपच्या सेंटिनेल-१ सॅटेलाइटचं रडार ढगातून आणि रात्री पूर दाखवतं, फार उपयोगी, पण दाट वस्तीत इमारतींच्या भिंतींवरून सिग्नल उसळतो आणि गल्लीतलं पाणी सुटून जातं, झाडांखालचंही सुटतं. त्याच मालिकेतल्या सेंटिनेल-५पी चा हवेचा एक चौकोन ५.५ बाय ३.५ किलोमीटर. तो लेयर बघून कोणत्या गल्लीत मास्क लावायचा हे ठरवू नका.

तुम्ही एक चांगला मुद्दा सहज लिहून गेलात की "पूर आणि कारखाने वेगवेगळ्या टॅबमध्ये आहेत". ते एकत्र आणा. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळात टेक्सासमधल्याच क्रॉस्बी इथे एका केमिकल कारखान्यात पाणी शिरलं. तिथे ऑरगॅनिक पेरॉक्साइड थंड ठेवावं लागायचं. पुराने वीज गेली, जनरेटर गेले, थंडावा गेला, माल आपोआप तापून जळला आणि धूर शेजारच्या हायवेवर आला. तो रस्ता मदतीच्या गाड्यांसाठी चालू ठेवलेला होता. २१ जणांना दवाखाना गाठावा लागला, त्यात पोलीस होते. नीट बघा, इथे पुराच्या मॅपवर हा धोका "पाणी" म्हणून दिसला असता आणि कारखान्याच्या मॅपवर "पेरॉक्साइड" म्हणून, पण माणसं आजारी पडली ती रस्त्यावर. मी म्हणून प्रत्येक धोक्याच्या जागेपुढे एक साधा कॉलम ठेवतो: ही जागा शांत राहायला कशाची गरज आहे? वीज, पाणी, थंडावा, पंप. आणि ते जिथून येतं ते सबस्टेशन किंवा पंपहाऊस पाण्यात जाऊ शकतं का. हे जोडलंत की पाऊस सुरू व्हायच्या आधीच यादी हातात असते, आणि तुम्ही ज्याला स्मार्ट म्हणताय ते मला विचाराल तर हे आहे.

उष्णतेचा लेयर तुम्ही तापमानाचा ठेवलाय. वेधशाळेचं तापमान सावलीतलं असतं. कामाच्या ठिकाणी डब्ल्यूबीजीटी (दमटपणा आणि ऊनही धरून काढलेला उष्णतेचा आकडा) धरतात, उन्हात तो काढताना ओलं कापड गुंडाळलेल्या थर्मामीटरला ०.७, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याच्या तापमानाला ०.२ आणि साध्या हवेला फक्त ०.१ एवढं वजन असतं. म्हणजे दमटपणा आणि ऊन हेच सगळं खातात. त्यात केमिकल सूट घातला की घाम वाळायला जागाच नाही. गाडीतल्या मॅपवर अंश लिहू नका, मिनिटं लिहा: इतकी मिनिटं काम, इतकी आराम. ती मिनिटं किती हे मी सांगणार नाही, सूट कुठला, माणूस त्या हवेला सरावलेला आहे का, अंगावर वजन किती यावर ते ठरतं, ते तुमच्या टीमच्या डॉक्टरकडून लिहून घ्या.

इथपर्यंत गाडी, कपडे आणि वेळ झालं. चौथं उत्तर सगळे विसरतात, बाहेर आल्यानंतरचं. पुरात काम केलेल्या बोटीच्या टीमला लेप्टो (उंदीर-गुरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) झाला तर ताप त्याच दिवशी येत नाही, साधारण ५ ते १४ दिवसांनी येतो, कधी महिन्यानेही. तोपर्यंत माणूस घरी असतो, डॉक्टरला सांगतो "व्हायरल असेल". न्यूयॉर्कमध्ये २००१ च्या हल्ल्यात कोसळलेल्या टॉवरच्या धुळीत काम केलेल्या फायरमनच्या तब्येतीचा अभ्यास करताना कोण किती वाजता तिथे पोचला यावरून एक्सपोजरचे गट पाडावे लागले होते, कारण कोण किती धूळ गिळत होता हे त्या दिवशी कोणी मोजत बसलं नव्हतं. तुमच्याकडे गाडीचा आणि वॉकीटॉकीचा जीपीएस असतो. तो मार्ग तुंबलेली गटारं, गुरांचे गोठे, फुटलेल्या ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांच्या शेड यांच्यावर टाका आणि कोण कुठे किती वेळ होता याची नोंद आपोआप ठेवा. मग दहाव्या दिवशी एका मेसेजमध्ये विचारता येतं, ताप आलाय का, आला असेल तर हा कागद घेऊन डॉक्टरकडे जा. आमच्याकडे सुरुवातीला लोकांनी जीपीएस बंद ठेवले, त्यांना वाटलं हजेरी लावतायत. लेखी घ्यावं लागलं की हजेरीला वापरणार नाही, आणि ते पाळावंही लागलं.

एआयच्या स्कोअरबद्दल आता सांगतो. शून्य ते शंभरमधला एकच आकडा काढलात तर उन्हामुळे आलेला ७२ आणि क्लोरीनमुळे आलेला ७२ सारखेच दिसणार, एकाला पाणी आणि सावली लागते, दुसऱ्याला बीए सेट. आकडा बघून कोणी काय घालणार? मशीन लर्निंगचा उपयोग मला झाला तो गाडीत नाही, ऑफिसातल्या कामात: पुढच्या दोन-तीन तासांत कुठले रस्ते बुडतील याचा अंदाज, आणि कुठली जुनी रेकॉर्डं आधी तपासायला हवीत याची क्रमवारी. चुकलं तरी माणूस मधे असतो.

आणि हे सगळं पोचवणार कसं? एकदा मी गाडीत मागे बसून गेलो होतो. लीडिंग फायरमनच्या दोन्ही हातांत जाड ग्लोव्ह, टॅब मांडीवर, बाहेर नेटवर्क गेलेलं, आणि तो गडी चक्क नाकाने मॅप मोठा करायचा प्रयत्न करत होता. हसू आलं तेव्हा, पण परत येऊन मी झूम लागणारं सगळं काढून टाकलं. आता एका जागेला एक पान, नेटशिवाय उघडणारं, आणि त्याचाच लॅमिनेट केलेला कागद गाडीत. टॅबपेक्षा कागद जास्त वापरला जातो, मला वाईट वाटायचं, आता नाही वाटत. क्यूजीआयएस आणि क्यूफील्ड या फुकटच्या मॅप सॉफ्टवेअरवर हे सगळं होतं, महागडं लायसन्स लागत नाही.

सुरुवात लहान करा. मागचे वीस कॉल काढा, प्रत्येकाच्या शेजारी तुमचा मॅप ठेवा आणि त्या शिफ्टच्या माणसालाच विचारा की हे आधी दिसलं असतं तर चारपैकी काय वेगळं केलं असतंस. पाच-सहा कॉलमध्ये जरी "गाडी तिकडून आणली नसती" असं उत्तर आलं तर तुम्हाला कुठला लेयर ठेवायचा ते कळलंच. तुमच्याकडे बीए सेट किती आहेत, एक सिलिंडर खरोखर किती मिनिटं पुरतो आणि तो परत भरायची सोय कुठे आहे, हे प्रश्नात लिहिलेलं नाहीत. ते कळवा, कारण "आत किती वेळ" हा कॉलम त्याच्याशिवाय भरताच येणार नाही.